पोट उघडण्याचे धाडस

१३ मे १९८१, बुधवार. रोमच्या सेंट पीटर चौकात भाविकांना भेटत असताना पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, ही घटना आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबांना ठाऊक आहे. १९१७ साली फातिमा येथे तीन बालकांना पवित्र मातेचे प्रथम दर्शन घडले तेही १३ मे रोजीच, हे आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. पुढे पोपमहोदयांनी तुरुंगात जाऊन हल्लेखोराला क्षमा केली, ते छायाचित्र तर कित्येक घरांत जपून ठेवलेले असते. गोळी लागल्यापासून मध्यरात्रीच्या सुमारास धोका टळल्याची आशा दिसू लागेपर्यंत जे काही तास गेले, त्यांची हकिकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. ते तास एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात गेले. तेथे ज्यांच्या हातात त्या जिवाची दोरी होती ते पोटाचे शल्यविशारद होते. अशा प्रसंगी नेमके काय करायचे हे त्यांच्या विद्येला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक नव्हते; ते तिने कसे शिकून घेतले, हा या लेखाचा विषय आहे.

मानवी शरीरात पोटाइतकी फसवी जागा नाही. हात मोडला तर तो दिसतो, डोक्याला जखम झाली तर रक्त वाहते. पोटात मात्र दोन-तीन लिटर रक्त साचले तरी बाहेरून कातडीवर एखादे लहानसे भोक, किंवा तेही नाही. आतड्यांत असंख्य जंतू निरुपद्रवीपणे नांदत असतात. परंतु आतड्याला छिद्र पडून तेच जंतू बाहेरच्या पोकळीत सांडले, की पोटाच्या आतील नाजूक आवरणाला दाह होतो आणि रोगी दोन-चार दिवसांत दगावतो. जुन्या शल्यवैद्यांना हे अनुभवाने कळून चुकले होते. म्हणूनच ते हातपाय कापीत, कवटीला भोकेही पाडीत, पण पोट उघडायला धजत नसत.

अपवाद होते, आणि त्यांतला सर्वांत जुना अपवाद आपल्याच देशातला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आतडे अडकल्यास करावयाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. नाभीखाली डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून पोट उघडावे, आतडी बाहेर काढून तपासावीत, अडथळा दूर करावा. आतड्याला छिद्र असेल तर त्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांना डसवावे, त्यांचे धड तोडून डोकी तशीच ठेवावीत, आणि आतडी आत सारून पोट शिवावे. मुंगीच्या जबड्याने टाका घालण्याची ही कल्पना वाचून आजचे सर्जनही थक्क होतात. पण ही परंपरा पुढे खंडित झाली, हेही मान्य केले पाहिजे. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात १७३५ साली क्लॉडियस अमियांड यांनी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा आत त्यांना टाचणीने भोक पडलेले आंत्रपुच्छ, म्हणजे आपण ज्याला अपेंडिक्स म्हणतो ते, सापडले. ते त्यांनी कापून काढले. भूल नव्हती, मुलगा जागा होता. तो वाचला. आंत्रपुच्छ काढल्याची ही पहिली नोंद समजली जाते. परंतु तिच्यामागून दुसरा कोणी त्या वाटेने लगेच गेला नाही.

१८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी झाली आणि १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धतीवरचे आपले निबंध प्रसिद्ध केले. दोन मोठे अडथळे दूर झाले. तरीही भीती गेली नाही. पोट, छाती आणि मेंदू ही शहाण्या व दयाळू सर्जनला कायमचीच बंद दारे आहेत, अशा अर्थाचे एक मत लंडनचे नामांकित शल्यवैद्य सर जॉन एरिकसन यांच्या नावावर वैद्यकीय ग्रंथांत पुनःपुन्हा सांगितले जाते. हे मत एका अडाणी माणसाचे नव्हते. आपल्या काळातील उत्तम जाणकाराचे ते होते, म्हणूनच त्याची नोंद घ्यावी.

पोपमहोदयांवरील हल्ल्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी, २ जुलै १८८१ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी झाडण्यात आली. ती पाठीतून शिरून स्वादुपिंडाजवळ जाऊन बसली. डॉक्टर पुष्कळ जमले. त्यांनी न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत घालून गोळी शोधली, पुनःपुन्हा शोधली, आणि ती सापडली नाही. एकोणऐंशी दिवस यातना भोगून अध्यक्ष वारले. गोळीपेक्षा उपचारांनीच त्यांना मारले, असे आजचे बहुतेक जाणकार मानतात. योगायोग असा, की त्याच जुलै महिन्यात अमेरिकेच्या पश्चिम भागात टूमस्टोन नावाच्या खाणकामगारांच्या गावी जॉर्ज गुडफेलो या डॉक्टराने पोटात गोळी लागलेल्या एका कामगाराचे पोट उघडून आतडी शिवली, आणि तो माणूस जगला. राजधानीत जे सुचले नाही ते एका आडगावी सुचले.

वीस वर्षांनी दुसऱ्या एका अध्यक्षाची पाळी आली. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो शहरातील भव्य प्रदर्शनात विल्यम मॅकिन्ली लोकांशी हस्तांदोलन करीत असताना एका इसमाने रुमालात लपवलेल्या पिस्तुलातून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक पोटात शिरली. ही कथा थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण रुग्णालयाच्या तातडीच्या सेवेत कोणत्या गोष्टींची उणीव जीव घेते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही कथेत दिसत नाही.

अध्यक्षांना विजेवर चालणाऱ्या रुग्णवाहिकेतून प्रदर्शनाच्याच आवारातील छोट्या इस्पितळात नेण्यात आले. ऊन लागणे, चक्कर येणे, पाय मुरगळणे अशा तक्रारींसाठी ते उभारलेले होते. तेथील वैद्यकीय प्रमुख रॉसवेल पार्क हे नाणावलेले सर्जन. परंतु ते त्या घटकेला नायगारा येथे दुसऱ्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया करीत होते. मग शहरातील मॅथ्यू मॅन यांना पाचारण करण्यात आले. मॅन हे कुशल डॉक्टर होते, पण त्यांचा विषय स्त्रीरोग. बंदुकीच्या जखमांचा त्यांना सराव नव्हता, हाताशी पुरेशी उपकरणे नव्हती. गोळीबारानंतर सुमारे सव्वा तासाने त्यांनी पोट उघडले, आणि एवढी तत्परता त्या काळी प्रशंसनीयच होती. जठराला पुढून एक व मागून एक अशी दोन भोके होती. ती त्यांनी शिवली. गोळी सापडली नाही. पोटात साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून नळी ठेवायला हवी होती, ती ठेवली नाही. दिवस मावळू लागला होता. बाहेर ते प्रदर्शन हजारो विजेच्या दिव्यांनी उजळत असे, त्यासाठीच ते प्रसिद्ध होते. आणि आत राष्ट्राध्यक्षांच्या उघड्या पोटात उजेड पडावा म्हणून एक डॉक्टर आरसा धरून मावळतीच्या सूर्याची किरणे वळवीत होता. क्ष-किरणांचे नवे यंत्रही त्याच प्रदर्शनात मांडलेले होते. ते वापरले गेले नाही.

शस्त्रक्रियेनंतर अध्यक्षांना प्रदर्शनाच्या प्रमुखांच्या घरी ठेवण्यात आले. काही दिवस प्रकृती सुधारत असल्याची पत्रके निघत राहिली. १४ सप्टेंबरला ते वारले. गोळीच्या वाटेवरील जठर, स्वादुपिंड आणि आजूबाजूचा भाग सडला होता. मॅन यांना नंतर पुष्कळ दूषणे देण्यात आली. मला ती अन्यायाची वाटतात. त्यांनी पोट उघडले, हेच गारफील्डच्या डॉक्टरांपेक्षा एक पाऊल पुढचे होते. उणीव होती ती अशा घटकेसाठी आधीपासून सज्ज असलेल्या जागेची आणि त्या कामातच मुरलेल्या माणसाची.

बंदुकीच्या गोळीची भीती सर्वांना नसते. पोटदुखीची मात्र प्रत्येक घराला असते. पोटाच्या सर्जनची तातडीची विद्या खरी वाढली ती या दुसऱ्या वाटेने. उजव्या कुशीत दुखून, ताप येऊन माणसे का मरतात याविषयी एकोणिसाव्या शतकात मोठा गोंधळ होता. १८८६ साली बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी अनेक मृतदेहांच्या तपासणीवरून दाखवून दिले, की मूळ बिघाड त्या बोटभर आंत्रपुच्छात असतो आणि उपाय शस्त्रक्रियेचाच. तीन वर्षांनी न्यू यॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावरचा तो नेमका बिंदू सांगितला, जो आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी बोटाने दाबून पाहतो. तरीही इंग्लंडमध्ये थांबा आणि पाहा असाच कौल होता. त्या मताचे एक पुरस्कर्ते सर फ्रेडरिक ट्रीव्हज. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियांचा त्यांच्याइतका अनुभव त्या देशात क्वचितच कोणाला असेल. पण पहिला जोर ओसरू द्यावा असे ते शिकवीत. १९०० साली त्यांची स्वतःची तरुण कन्या याच आजाराने गेली. ज्या घरात हा विषय सर्वांत जास्त जाणणारा माणूस राहत होता, त्याच घरात वेळ निघून गेली होती.

दोनच वर्षांनी, जून १९०२ मध्ये, राज्याभिषेक दोन दिवसांवर आलेला असताना सातवे एडवर्ड यांना तोच आजार झाला. राजा हट्टाला पेटला होता. समारंभ पुढे ढकलायला तयार नव्हता. तसे केल्यास ॲबेमध्ये आपले शवच पोहोचेल, असे ट्रीव्हज यांनी स्पष्ट बजावल्याचे सांगतात. २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातील एका खोलीत त्यांनी राजाचे पोट उघडून साचलेला पू बाहेर काढला. राजा वाचला आणि ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. एवढ्या मोठ्या माणसाने पोट चिरून घेतले, हे जगाने पाहिले. त्यानंतर सामान्य माणसाची भीतीही कमी होऊ लागली. १९२१ साली लंडनचे झकॅरी कोप यांनी पोटाच्या तातडीच्या दुखण्यांच्या लवकर निदानावर एक छोटे पुस्तक लिहिले. एरवी धडधाकट असलेल्या माणसाच्या पोटात तीव्र कळ येऊन ती सहा तास टिकली, तर बहुधा ते सर्जनचे काम आहे, असे त्यातील एक सूत्र आहे. आपल्याकडे कित्येक घरांत पोट दुखले की एरंडेल पाजण्याची रीत होती. सुजलेल्या आंत्रपुच्छावर रेचक म्हणजे फुटायला आलेल्या फुग्यावर दाब. आजीबाईंच्या बटव्याला मी कमी लेखत नाही, पण या एका बाबतीत तो बटवा बंदच ठेवलेला बरा.

आता पुन्हा गोळीच्या जखमांकडे वळू. १८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेतील युद्धात ब्रिटिश सैन्याचे सल्लागार सर विल्यम मॅककॉर्मक यांचे म्हणणे असे होते, की पोटाला जखम झालेल्या सैनिकावर शस्त्रक्रिया केली तर तो मरतो आणि न केली तर वाचतो. वाचायला हे विचित्र वाटते; पण बैलगाडीतून हाल सोसत, कधी दिवस उलटून गेल्यावर पोहोचणाऱ्या जखमींवर तंबूत केलेल्या शस्त्रक्रिया बहुधा फसतच होत्या. रशिया-जपान युद्धात, १९०४-०५ साली, व्हेरा गेद्रोइट्स या रशियन स्त्री-सर्जनने आगगाडीच्या डब्यातच शस्त्रक्रियागृह थाटले, गाडी लढाईच्या शक्य तितक्या जवळ नेली आणि पोटाच्या जखमा काही तासांच्या आत उघडल्या. त्यांना चांगले यश आले. युरोपने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

पहिल्या महायुद्धाने मात्र डोळे उघडले. सुरुवातीला मॅककॉर्मकांचाच नियम चालू होता. १९१५ च्या सुमारास तो मोडला गेला. मोटारीच्या रुग्णवाहिका आल्या, आघाडीपासून काही मैलांवर शस्त्रक्रिया केंद्रे उभी राहिली आणि सर्जन तेथे जाऊन बसले. निम्म्याच्या आसपास जखमी तरीही मरत. पण पूर्वी जवळजवळ सर्वच मरत असत. याच युद्धात रक्त साठवून ठेवण्याची युक्ती साधली. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्ताचे गट शोधले होतेच. १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी साठवलेल्या रक्ताच्या बाटल्या आघाडीच्या रुग्णालयांत पोहोचवल्या. आजच्या रक्तपेढीचे मूळ तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धात आणखी एक धडा मिळाला. मोठ्या आतड्याची जखम शिवून लगेच आत टाकली, तर टाके सुटून विष पसरते. म्हणून आतड्याचे तोंड तात्पुरते पोटाच्या कातडीवर आणून मळ बाहेर पिशवीत सोडावा आणि जखम भरल्यावर काही आठवड्यांनी ते पुन्हा जोडावे, अशी रीत रूढ झाली. १९४३ मध्ये अमेरिकी सैन्याने आपल्या सर्जनांना तसा आदेशच काढला. कोलोस्टॉमी या नावाने ती ओळखली जाते. रुग्णाला ती नकोशी वाटते, लाज वाटते. पण तिने असंख्य जीव वाचवले आहेत.

युद्धातली ही विद्या शहरांच्या रुग्णालयांत यायला आणखी काही वर्षे लागली. बाल्टिमोर येथे ॲडम्स काउली यांनी अपघातग्रस्तांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले आणि जखमीच्या पहिल्या तासाला ते सोन्याचा तास म्हणत. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या जोसेफ जॉर्डानो यांनी वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठ रुग्णालयात तसेच पथक बांधले. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळी झाडण्यात आली, तेव्हा हेच पथक तयार उभे होते. अध्यक्ष चालत आत आले आणि दारातच कोसळले. जॉर्डानो यांनी पोटाला लहानसे छिद्र पाडून आत सलाईन सोडले आणि परत आलेल्या पाण्यात रक्त आहे का ते पाहिले. १९६५ साली प्रचारात आलेली ही साधी चाचणी. पाणी स्वच्छ होते. पोट वगळता आले आणि छातीच्या सर्जनला ताबडतोब वाट मोकळी झाली. अशा वेळी पोटाचा सर्जन पोट उघडत नाही. ते उघडण्याची गरज नाही, हे तो काही मिनिटांत खात्रीने सांगतो.

त्यानंतर सहा आठवड्यांनी सेंट पीटर चौकातील घटना घडली.

चौकापासून काही पावलांवर सांतो स्पिरितो हे रोमचे पुरातन रुग्णालय आहे. पोपमहोदयांना तेथे न नेता काही किलोमीटर दूरच्या जेमेली रुग्णालयात नेण्यात आले. फादर ऑगस्तीनो जेमेली हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू, स्वतः डॉक्टर आणि १९२१ साली मिलान येथे स्थापन झालेल्या कॅथलिक विद्यापीठाचे संस्थापक. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६४ साली, त्या विद्यापीठाच्या वैद्यकशाखेचे हे रुग्णालय रोममध्ये सुरू झाले. पोपमहोदयांना ते अनोळखी नव्हते. १९७८ साली निवड झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आपल्या आजारी बिशप मित्राला भेटायला तेथे गेले होते. आता रुग्णवाहिका संध्याकाळच्या गर्दीतून सुमारे आठ मिनिटांत तेथे पोहोचली. वाटेत ते शुद्धीवर होते, पोलिश भाषेत प्रार्थना पुटपुटत होते. रुग्णालयात पोहोचताच शुद्ध हरपली. रक्तदाब झपाट्याने उतरत होता, नाडी हाताला लागेनाशी झाली. वैयक्तिक वैद्य डॉ. बुझोनेत्ती यांनी सचिव फादर स्टॅनिस्लाव जिविश यांना आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार देण्यास सांगितले. तो शस्त्रक्रियागृहातच देण्यात आला.

सर्जन फ्रान्चेस्को क्रुचित्ती त्या वेळी शहराच्या दुसऱ्या भागात होते. बातमी कानी पडताच ते स्वतः गाडी हाकीत आले. बफेलोतील पार्क यांच्याप्रमाणे तेही जागेवर नव्हते. फरक एवढाच, की येथे त्यांच्यावाचून काही अडून राहिले नव्हते. ते हात धुऊन टेबलापाशी आले तेव्हा भूलतज्ज्ञ, साहाय्यक, परिचारिका, रक्त, उजेड, उपकरणे हे सारे सज्ज होते आणि रुग्ण भुलेखाली होता. पोट उघडले तर आत रक्ताचे तळे. सुमारे तीन लिटर रक्त साचले होते. अशा वेळी नवखा माणूस आतड्याच्या छिद्रांकडे धावतो. जाणता सर्जन प्रथम रक्त कोठून येते ते शोधतो, ते थांबवतो, भूलतज्ज्ञाला रक्त चढवायला अवधी देतो आणि मगच पुढे जातो. रक्तस्राव थांबला तसा रक्तदाब सावरू लागला. मग आतड्याची वीत न् वीत तपासणे आले. लहान आतड्याला अनेक जखमा होत्या, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग फाटला होता. काही शिवले, काही कापले. सुमारे पंचावन्न सेंटिमीटर आतडे काढून टाकावे लागले. मुख्य रक्तवाहिनी गोळीच्या वाटेपासून अगदी निसटती दूर राहिली होती. ती तुटली असती, तर रुग्णवाहिका जेमेलीपर्यंत पोहोचलीच नसती. शेवटी दुसऱ्या महायुद्धाने शिकवलेली कोलोस्टॉमी करण्यात आली. पाच तासांहून अधिक वेळ शस्त्रक्रिया चालली.

एका हाताने गोळी झाडली आणि मातेच्या हाताने तिची वाट वळवली, अशी पोपमहोदयांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी उघडपणे सांगितली. त्या श्रद्धेला डॉक्टरांचे हात आड येत नाहीत. बायबलमधील सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे.

पुढचे दिवस सोपे नव्हते. ३ जूनला ते घरी गेले आणि ताप घेऊन २० जूनला परत आले. चढवलेल्या रक्तातून एका विषाणूचा संसर्ग झाला होता. रक्तपेढीने जीव दिला आणि तिनेच ताप दिला. त्या काळी रक्ताची तपासणी आजच्याइतकी कडक नव्हती. कोलोस्टॉमी केव्हा बंद करायची यावरून डॉक्टरांमध्ये चर्चा झडत होत्या. बहुतेकांना थांबायचे होते. पोपमहोदय त्या वैद्यमंडळाला थट्टेने सान्हेद्रिन म्हणत, आणि आपण केवळ उपचारांची वस्तू नसून या निर्णयातले एक भागीदार आहोत, हे त्यांनी सौम्यपणे पण ठामपणे सांगितले. अखेर ५ ऑगस्टला, हिममातेच्या सणाच्या दिवशी, दुसरी शस्त्रक्रिया झाली, आणि स्वर्गोन्नयनाच्या पूर्वदिनी, १४ ऑगस्टला, ते रुग्णालयातून बाहेर पडले. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते भारतात आले. गोव्यात आणि वसईत आपल्यापैकी अनेकांनी ज्यांना जवळून पाहिले, ते पाच वर्षांपूर्वी एका सर्जनच्या टाक्यांवर तगलेले गृहस्थ होते, हे त्यांच्या ताठ चालीकडे पाहून कोणाच्या मनातही आले नसेल.

त्यानंतर या विद्येने एक अनपेक्षित वळण घेतले. अतिशय रक्तस्राव झालेला रुग्ण थंड पडतो, त्याचे रक्त आम्लधर्मी होते आणि गोठेनासे होते. अशा माणसावर चार-पाच तास सुबक शस्त्रक्रिया करणे म्हणजे त्याला टेबलावरच गमावणे. १९८३ मध्ये हार्लन स्टोन यांनी आणि १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या सर्जनांनी मांडले, की अशा वेळी काम अर्धवटच सोडावे. रक्त थांबवावे, पोटात कापडी पॅड दाबून भरावेत, फाटलेल्या आतड्याची तोंडे नुसती बांधावीत आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊन उबदार करावे. उरलेले काम एक-दोन दिवसांनी. ज्या सर्जनांना आयुष्यभर काम नीटस पूर्ण करण्याची शिस्त लावलेली असते, त्यांना हे पचायला जड गेले असणार. सोनोग्राफी आणि सी. टी. स्कॅन आल्यापासून यकृताच्या किंवा प्लीहेच्या कित्येक जखमा आता पोट न उघडता, केवळ डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून बऱ्या करतात.

आपल्या देशातील सर्जनला गोळ्यांच्या जखमा रोज पाहाव्या लागत नाहीत. त्याच्यापुढे येतात त्या विषमज्वराने आतड्याला पडलेली भोके, फुटलेले जठरव्रण, क्षयाने आवळलेली आतडी, लोकलखाली किंवा महामार्गावर चेंगरलेली पोटे. यांतले पुष्कळ रुग्ण दोन-तीन दिवस इकडेतिकडे उपचार करून, पोट फळीसारखे कडक झाल्यावर पोहोचतात. रात्री दोन वाजता, नातलगांच्या गराड्यात, हाती असलेल्या अपुऱ्या माहितीवर आता उघडू की सकाळपर्यंत पाहू हे ठरवणारा माणूस बहुधा तिशीतला असतो. चूक झाली तर तिचा जाब त्यालाच विचारला जातो. बरोबर ठरले तर रुग्ण दहाव्या दिवशी घरी जातो आणि सर्जनचे नाव विसरतो.

क्रुचित्ती यांचे नाव विसरले गेले नाही, कारण त्यांचा रुग्णच तसा होता. १९९२ साली पोपमहोदयांच्या आतड्यातील गाठ त्यांनीच काढली आणि १९९६ साली आंत्रपुच्छही. एडवर्ड राजाच्या वेळी ज्या इवल्याशा अवयवाने साम्राज्याचा श्वास रोखला होता, त्याची बातमी या वेळी दोन दिवसांत मागच्या पानावर गेली. क्रुचित्ती १९९८ मध्ये वारले. त्यांचा रुग्ण त्यांच्यानंतर जवळजवळ सात वर्षे, २ एप्रिल २००५ पर्यंत जगला. गोळी पोर्तुगालला गेली आणि फातिमा मातेच्या मुकुटात बसवली गेली. त्या संध्याकाळी शस्त्रक्रियागृहात घाईने कात्रीने कापून जमिनीवर टाकलेला रक्ताळलेला पांढरा सदरा एका परिचारिकेने उचलून ठेवला होता. तो आता रोममध्ये, धर्मभगिनींच्या एका मठाच्या प्रार्थनालयात आहे.